नडगीतली वस्ती

माझी आत्या पाथर्डीकडची, दरवर्षी ऊसतोडीला जाणारी. कोपरगावजवळच्या फडात कोयता निसटून तिच्या नडगीवर बसला, आणि ती जखम दोन वर्षं भरली नाही. मी शेवगावात एका खासगी दवाखान्यात नर्स. शेवटी तिला माझ्याच घरी घेऊन आले.

पहिल्या दिवशी, भर दुपारी, मी पट्टी सोडायला बसले. वास खोलीभर पसरला. आत्या दबक्या आवाजात म्हणाली, "हळू सोड. आत्ता कुठं निजलीत ती."

"कोण?"

तिनं नडगीकडं बोट केलं. "आत ऱ्हात्यात. मी जेवले की वळवळत्यात."

अळ्या असतील म्हणून टॉर्च लावून सगळी जखम पाहिली. काही नव्हतं. नुसता ओलसर, चकाकता राखाडी थर. पुसला की जायचा, दोन दिवसांत पुन्हा तसाच. कुणीतरी अंथरल्यासारखा.

मी आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना हे हसत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "जंतू स्वतःभोवती बुळबुळीत आवरण करतात आणि त्याखाली वस्ती करून राहतात. गोळ्यांचं औषध तिथवर नीट पोचत नाही. शरीर झगडत राहतं, म्हणून जखम कायम सुजलेली."

थर खरवडून वर नॅनो चांदीचं जेल लावायचं ठरलं. त्यातले कण साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाहीत, ते उरलेल्या थरात शिरून जंतू मारतात, असं डॉक्टरबाईंनी आत्याला समजावलं.

आत्या एवढंच म्हणाली, "म्हंजी मी खोटं बोलत नव्हते."

आठवड्यानं मी ड्युटीवरून आले तर ती पायावर वाकून, कान लावून बसलेली.

"काय ऐकतेस?"

"त्यांच्यात लेकरं असत्यात का गं?"

मला खोटं बोलवेना. "एकाचे दोन होतात, आत्या."

"म्हंजी असत्यात." तिचे डोळे भरून आले. "काल लई गलका हुता. आज कमी हाय."

मी धीर द्यायला पट्टीवर हात ठेवला. तळव्याखाली काहीतरी हललं. अगदी हलकेच, कूस बदलल्यासारखं. तिची नाडी असेल, मी स्वतःला सांगितलं. पण नडगीवर नाडी लागत नाही, हे शिकलेली बाई मी. हात काढून घेतला आणि उगाचच चहा टाकायला उठले.

पुढं वास गेला, सूज उतरली. कडांनी गुलाबी मांस धरलं आणि तीनेक महिन्यांत कातडी मिळून आली. आत्या गावी गेली, नंतरच्या हंगामात टोळीबरोबर पुन्हा कोपरगावला.

मी फोन केला. "पाय कसा आहे?"

"बरा हाय. मोळी उचलते. पर लई एकटं वाटतं गं."

तेवढ्यात तिच्या मागं ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला. "गाडी आली, भरायचीय," म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.