मॅडमचा मुलाखतीचा तास

बालाघाटच्या मुलींच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत असे आणि इंग्रजीच्या पोटातच नोकरीचा अर्ज कसा लिहावा हेही येत असे. राजधानी नागपूरला होती तेव्हापासून मी ते शिकवत आले होते. पुढे प्रांतांच्या नव्या हद्दी आखल्या गेल्या, नागपूर पलीकडे गेले, आम्ही अलीकडे राहिलो आणि साहेब लोक भोपाळची हिंदी बोलू लागले. माझे अर्ज मात्र पूर्वीइतकेच निर्दोष होते. त्यांत कोणाला चूक सापडत नसे. त्यांवरून कोणाला नोकरी लागल्याचेही फारसे ऐकिवात नव्हते, पण तो व्याकरणाचा विषय नव्हे.

एका उन्हाळ्यात आमच्या मोठ्या बाई कुठल्याशा शिबिराला जाऊन आल्या आणि येताना एक कल्पना घेऊन आल्या. अकरावीच्या मुलींना नोकरी कशी मिळवावी हे दर शनिवारी शेवटच्या तासाला शिकवायचे. हा तास माझ्याकडेच येणार याबद्दल मला इतकी खात्री होती की पहिल्या दिवशी काय बोलायचे तेही मी ठरवून टाकले होते. तास मिळाला गृहविज्ञानाच्या नव्या शिक्षिकेला.

ती जबलपूरची. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायची, त्यामुळे वेळ बघायला तिला हात चारचौघांत नाजूकपणे उलटा करावा लागे. उन्हाचा काळा चष्मा ती सावलीत आल्यावर काढायची, पण लगेच नाही. मला मुली इतकी वर्षे 'बाई' म्हणत होत्या आणि त्यात मला काही कमी वाटले नव्हते. तिला पहिल्या आठवड्यातच 'मॅडम' म्हणू लागल्या. तेव्हापासून 'बाई' हा शब्द मला भांडी घासणारीला हाक मारल्यासारखा ऐकू येऊ लागला.

तिच्या वर्गात आणि माझ्या नववीत लाकडी फळ्यांचे एक पार्टिशन होते. शनिवारी ती टेबलावर भरतकामाचा टेबलक्लॉथ घालायची, कागदी फुलांची फुलदाणी आणि ऑफिसातून मागून आणलेली घंटी ठेवायची, आणि स्वतः साहेब व्हायची. घंटी वाजली की एकेक मुलगी दार ठोठावून आत यायची. "नमस्ते करो, बिटिया, झुको मत. और पल्लू मत चबाओ!" मग हशा. माझ्या वर्गात त्याच वेळी कर्मणी प्रयोग चालू असायचा. कर्मणी प्रयोगाला कोणी हसत नाही.

हेही मी सोसले असते. पण माझी एक मुलगी तिकडे गेली.

ती किरनापूरकडच्या एका शेतकऱ्याची. शिकण्यासाठी बालाघाटला मावशीकडे राहायची. दोन वर्षे ती रविवारी माझ्याकडे पेपर वाचायला येत होती. मोठ्याने वाचायची, अडली की थांबायची, आणि अडलेला शब्द मी सांगेपर्यंत माझ्याकडे अशी बघायची की मला वाटे, या जगात मी काहीतरी उपयोगाची आहे. तिला ग्रामसेविका व्हायचे होते. बापाने स्वच्छ सांगितले होते, धान कापून होईपर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर गोंदियाकडचे स्थळ बघून ठेवले आहे. मॅडमचे शनिवार सुरू झाले आणि तिचे रविवारही मॅडमकडे जाऊ लागले. तिथे म्हणे खुर्चीवर बसण्याचा सराव चाले. मी पेपर स्वतःच वाचू लागले. त्यात बातम्या काही विशेष नसतात, हे माझ्या तेव्हा लक्षात आले.

माझे कान मात्र पार्टिशनला लागलेले असत. म्हणूनच एक गोष्ट मला कळली, जी मॅडमला कळली नव्हती. आमच्याकडच्या पोरींना पहिल्या खेपेला हो म्हणता येत नाही. कुणाच्या घरी गेलं, बसा म्हटलं, की "राहू द्या, उभीच बरी." चहा विचारला, की "आत्ताच घेतला." यजमानाने पुन्हा विचारायचे, पाहुण्याने पुन्हा नको म्हणायचे, मग हात धरून बसवायचे, तेव्हा कुठे बशीला हात लावायचा. पहिल्याच बोलावण्याला जी हो म्हणते ती उपाशी घरची. मॅडमला आग्रह करण्याची भारी हौस. ती विचारायची, "काम करोगी?" मुलगी म्हणायची, "रहने दीजिए." मॅडम लाडाने म्हणायची, "अरे, सोच लो बेटी!" मग मुलगी मान खाली घालून, "हौ." की टाळ्या. याला ती विनय म्हणायची.

दिवाळीच्या आधी अकरावीतली एक मुलगी नर्सच्या ट्रेनिंगसाठी मुलाखत देऊन आली. व्हरांड्यात रडत बसली होती. मी विचारले काय झाले.

"साहेबानं इचारलं बाई, हॉस्टेलात राहशील का म्हणून. मी म्हटलं, राहू द्या."

"मग?"

"मंग काई नाई. दुसऱ्यांदा इचारलंच नाई त्यानं. दुसरीले बोलावलं."

मॅडमने सगळ्यांना सांगितले की मुलगी घाबरट आहे. मी घरी आले आणि त्या संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. पण हात धुताना आठवले की पुढच्या आठवड्यात ग्रामसेविकांच्या मुलाखती आहेत आणि तिथे माझीच मुलगी 'राहू द्या' म्हणणार आहे. मॅडमची फजिती मला हवी होती, पण इतक्या महागात नको होती.

दुसऱ्या दिवशी मी तिला पाणी पिण्याच्या टाकीजवळ गाठले.

"साहेबांनी विचारलं की पहिल्यांदाच हो म्हणायचं. चहा विचारला तरी हो."

"पयल्याच खेपेले?" ती दचकली. "लोक काय म्हनतीन बाई? हावरी म्हनतीन!"

"तिथं तुझी मावशी बसलेली नसते पुन्हा विचारायला. बाहेर लाईन लागलेली असते."

"मॅडम त दोनदा इचारते."

"मॅडमला विचारायला आवडतं."

तिने माझ्याकडे जरा निरखून पाहिले. "तुमाले मॅडम आवडत नाई ना, बाई?"

"नाही."

"हौ. आमी समद्या पोरी तेच म्हनतो."

एवढे बोलून ती वर्गात गेली. आपल्याबद्दल पोरी मधल्या सुट्टीत काय बोलतात ते अशा रीतीने शिक्षकाला कळते. ती माझे ऐकेल असे मला अजिबात वाटले नाही. मत्सर करणाऱ्या बाईचा सल्ला मीही ऐकला नसता.

निकाल लागला त्या शनिवारी मी नेहमीप्रमाणे पार्टिशनच्या अलीकडे होते. पलीकडे एकदम गलका झाला. माझ्या त्या मुलीला ग्रामसेविकेची नोकरी लागली होती, बैहरकडे, पार जंगलात. मॅडमने घंटी वाजवून वर्ग शांत केला आणि म्हणाली, "बताओ सबको, कैसे हुआ?"

त्या मुलीचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "साहब ने पूछा, जंगल में अकेली रहोगी? तो मैंने झट से हौ बोल दिया. उनका पूछना पूरा भी नहीं हुआ था."

मी खडू हातात धरून उभी राहिले. आता ती सांगेल कोणी शिकवले ते.

"देखा?" मॅडम म्हणाली. "यही तो मैं रोज़ कहती हूँ! झिझकना नहीं!"

टाळ्या पडल्या. पुढच्या शनिवारपासून तिकडे पहिल्याच खेपेला हो म्हणण्याचा सराव सुरू झाला, आणि तो मॅडमने माझ्यापेक्षा कितीतरी चांगला शिकवला, हे मला नाइलाजाने नोंदवावे लागते.

निकालाच्या दिवशीच ती मुलगी शाळा सुटल्यावर पेढे घेऊन माझ्याकडे आली. बरोबर बाप होता, डोक्याला पांढरा फेटा. गोंदियाच्या लोकांना त्याने निरोप धाडला होता. हे मला सांगताना तो जरा ओशाळला होता, पण मुलीकडे बघत होता. मग त्याने विचारले, "तुमी काय शिकवता जी?"

"इंग्रजी."

"बरं हाय," तो म्हणाला, आणि माझ्या मनाला लागू नये म्हणून पुढे काही विचारले नाही.

तो सायकलकडे वळला तेव्हा ती हळूच म्हणाली, "बाई, वर्गात मी तुमचं नाव नाई घेतलं. मॅडमले लई वाईट वाटलं असतं."

"आणि मला?"

"तुमी त घरच्या आहा ना जी," ती म्हणाली आणि पाया पडली.

मॅडमच्या पाया ती आधीच पडून आली होती. कपाळाला तिकडच्या वर्गातला खडू लागला होता. मी तो पदराने पुसला आणि पेढा खाल्ला. ताजा होता. मॅडमला अख्खा पुडा दिला होता, हे मला सोमवारी कळले.