मनगटावर पट्टा, पोटाला आराम

मी संगमनेरला एका छोट्या हॉस्पिटलमध्ये भूल देते. भूल उतरताना माणसं इतकं मनातलं बोलतात, की घरी जाईपर्यंत डोक्यात किश्श्यांची गर्दी! हल्ली त्यातले निम्मे मनगटावरच्या पट्ट्याचे. ऑपरेशननंतर मळमळू नये म्हणून इंजेक्शनच्या जोडीला आम्ही तो बांधतो. मनगटाच्या आतल्या बाजूच्या नसेला तो हलक्या झिणझिण्या देतो. सगळ्यांना सारखा गुण येत नाही. पण येतो तेव्हा आमची कॉलर ताठ!

*

पारनेरचे एक आजोबा हर्नियासाठी आले होते. पट्टा उलटसुलट करून म्हणाले, "ह्यात टाइम दिसत न्हाई, मॅडम!"

"आजोबा, हे घड्याळ नाही. उलटी होऊ नये म्हणून आहे."

ऑपरेशन झालं. डोळे उघडताच पहिला प्रश्न, "भाकरी कवा?"

*

एका काकांना पट्टा बांधत होते. काकू शेजारीच. "करंट बसतो का हो ह्याचा?"

"अगदी बारीक."

"मंग जरा वाढवा की! घरी हाक मारली तर ह्ये हालत न्हाईत!"

*

आमच्या सर्जन सरांना सुरुवातीला हे पटेना. "पोट बिघडलेलं आणि उपचार हाताला? म्हणजे मोटर जळाली विहिरीवरची आणि दुरुस्ती घरातल्या पंख्याची!"

पुढे त्यांचंच अपेंडिक्स काढायची वेळ आली. टेबलावर आडवे झाले. मी म्हटलं, "सर, भूल देऊ?"

त्यांनी मनगट पुढे केलं. "आधी पंखा!"

*

श्रीगोंद्याच्या एक ताई पित्ताशयातल्या खड्यांनी हैराण होत्या, पण ऑपरेशनला तयार होईनात. पहिल्या सीझरनंतर इतक्या उलट्या झाल्या होत्या, की दिवसभर त्यांना पोर जवळ घेता आलं नव्हतं. "दुखणं सोशीन, पन त्ये पुन्हा नगं!"

आता कॉलेजात शिकणारी तीच लेक त्यांना समजावून घेऊन आली. मी पट्टा बांधला, इंजेक्शन दिलं. वरून धीर देत होते, आतून मलाच धाकधूक!

ताई शुद्धीवर आल्या. मी उलटीसाठी ट्रे हातात धरून उभी. त्यांनी आवंढा गिळला, वाट पाहिली. काही नाही! सिस्टरनं लेकीला आत बोलावलं.

ताईंनी सावकाश हात पसरला. लेकीचं डोकं खांद्याशी ओढून घेतलं आणि म्हणाल्या, "ये गं. त्या दिशीचं ऱ्हायलं हुतं."