गजाला गुंडाळलेली वायर

आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरांनी कॉम्प्युटर सुरू करण्याआधी इंटरनेटची वायर काढून खिडकीच्या गजाला गुंडाळली. मी कारण विचारलं.

"अपडेट आलं की हा बसतोच बघा, मॅडम. मग बाळांच्या लसींच्या नोंदी कुठनं काढू?"

पडद्यावर आमचंच सॉफ्टवेअर होतं, आम्ही चौघांनी बनवून फुकट वाटलेलं. आवृत्ती फार जुनी. ती आता कोणी वापरत नाही असं इंटरनेटवरून आमच्याकडे येणारे आकडे सांगतात, म्हणून तिची दुरुस्ती थांबवायचं चाललंय. वायर काढणारी माणसं आकड्यांत येत नाहीत. तरी मी थांबवायच्याच बाजूने आहे. चौघांतले दोघंच उरलोय.

सिस्टरांना तसं सांगितलं. "चालतंय तोवर चालवू," त्या म्हणाल्या.

अशा बाकीच्या जणींसाठी आम्ही इंटरनेटवर सूचना लावू. तेव्हा त्यांच्या वायरी गजाला गुंडाळलेल्या असतील.