जाब मला विचारा

यमुनाताईंची आणि माझी पहिली ओळख महापालिकेच्या सभागृहात झाली, तीही भांडणातून. नगर रस्त्यावरचे त्यांचे गाव नुकतेच शहरात आले होते आणि कालच्या सरपंच आज नगरसेविका झाल्या होत्या. मी समोरच्या पक्षाचा, पेठेतला, पेशाने अर्थशास्त्राचा प्राध्यापक. ताई गावासाठी पाणी मागत होत्या. मी खोचकपणे विचारले, "ताई, गावात नळ तरी आहेत का?"

"हायेत की, सर. त्यातनं हवा येती. आपण या एकदा, हवा खायला."

सभागृह हसले. मी रविवारी खरोखरच गेलो आणि पुढच्या सभेत त्यांच्या मागणीला पाठिंबा दिला. पक्ष वेगळेच राहिले. स्नेह मात्र जडला.

ताईंना स्वस्थ बसता येत नाही, हे सर्वांनाच ठाऊक आहे. त्या खुर्चीच्या कडेवर टेकतात, समोरच्याचे बोलणे संपायच्या आत उठतात. ही तगमग पुढे किती खोल गेली, ते मी जवळून पाहिले.

गावाच्या माळावर संगणक कंपनी यायची होती. लोक जमीन द्यायला राजी नव्हते. "पोरं आत कामाला लागतील, माझा शब्द हाय," असे सांगत ताई घरोघर फिरल्या. गावाने त्या शब्दावर सह्या केल्या. काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. मुले कामाला लागलीही, पण फाटकावर, पहारेकरी म्हणून.

एका अमावस्येला त्यांच्या शेजारीण पारूबाई म्हसोबाला नारळ वाहायला निघाल्या. म्हसोबा आता कंपनीच्या आवारात. फाटकावर गणवेशात त्यांचाच मुलगा उभा होता. पास नसल्याने त्याला आईला परत पाठवावे लागले. पारूबाई तडक ताईंकडे आल्या. मी तिथेच बसलो होतो.

"यमुने, माझ्याच रानाच्या दारात माझा लेक मला पास इचारतो. हेच काम म्हणाली होतीस का गं?"

पारूबाई नारळ ओट्यावर ठेवून निघून गेल्या आणि ताई अंगणात येरझाऱ्या घालत राहिल्या. माझा चहा निवला, त्यांनी तर कपाला हातही लावला नाही.

लोकसभेची निवडणूक तोंडावर होती आणि ताई उमेदवार होत्या. पक्षाने त्यांना या विषयावर गप्प राहायला सांगितले होते. गावच्या सभेत ताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "शब्द कंपनीनं नव्हता दिला, मी दिला होता. तो खोटा ठरला. जाब मला विचारा." आमच्या पक्षाने ते वाक्य पत्रकावर छापून घरोघर वाटले. तरीही ताई निवडून आल्या, थोडक्यात.

दिल्लीहून त्यांचा फोन आला. "सर, जमीन देणाऱ्याला कायद्यानं काय काय मिळायला पायजे, ते साध्या मराठीत लिहून द्या. आपण विरोधक आहात, तेव्हा चुका बरोब्बर काढाल." माझ्या पक्षाने नाके मुरडली, मी लिहून दिले. त्यावरून ताईंनी मांडलेले विधेयक चर्चेला कधी आलेच नाही. मात्र कंपनीच्या दारी खेटे घालून त्यांनी म्हसोबाची वाट खुली करून घेतली आणि गावात संगणकाचा वर्ग सुरू करवला. पारूबाईंचा मुलगा तिथे शिकून आत कामाला लागला. पुष्कळांना तेही जमले नाही. त्यांच्या दारावरून जाताना ताईंची मान अजून खाली जाते.

माझ्या पत्नीच्या आजारपणात मात्र याच ताई अख्खी दुपार तिच्या खाटेशी बसून होत्या. फोन वाजत होता, त्यांनी तो घेतला नाही.

परवा पंच्याहत्तरीच्या शुभेच्छा द्यायला गेलो. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, डॉक्टरांनी विश्रांती सांगितलेली, आणि ताई दारात चपला घालत होत्या. नव्या रस्त्यात जमीन जाणाऱ्यांची पलीकडच्या गावात बैठक होती.

"सत्कार राहू द्या, सर. गाडीत बसा. तिथं कुणी आता नुसत्या शब्दावर सही करू नये, एवढं सांगायचंय."

मी बसलो. ताई, आपणांस उदंड आयुष्य लाभो, गुडघे साथ देवोत. स्वास्थ्य तेवढे शरीराला मिळो. मनाला ते मिळावे, अशी प्रार्थना मी मुद्दामच करत नाही.