दर गुरुवारी बंद

आमचा दवाखाना डोळ्यांचा. डॉक्टर खामगावचे, मेहकर तालुक्यातल्या आमच्या गावी ते गुरुवारी आणि शुक्रवारी यायचे. गुरुवार बाजाराचा, त्यामुळे सकाळपासून दिवे लागेपर्यंत गर्दी. नंबर लावायला डॉक्टरांनी ऑनलाईन बुकिंग आणलं आणि सगळा कारभार माझ्या गळ्यात घातला. मी तिथली रिसेप्शनिस्ट, आणि खोटं कशाला बोलू, तोंडानं फटकळ.

त्या वर्षी पोळा नेमका गुरुवारी आला. पोळ्याला आमच्याकडे बाजार भरत नाही. बैलांचा साज घ्यायला लोक आदल्या दिवशीच येतात. म्हणून आठवडाभर आधी मी बुधवार उघडला आणि गुरुवार बंद केला. स्क्रीननं विचारलं, फक्त ही तारीख की दर गुरुवार? समोर दहा माणसं "बाई, बाई" करत होती. मी न वाचताच बोट टेकवलं.

पोळा झाला. पुढच्या गुरुवारी बाजार भरला, पण आमच्या बाकांवर चिटपाखरू नाही. एकही नंबर नाही म्हणून डॉक्टरही खामगावलाच थांबले. मला आधी बरंच वाटलं. निवांत चहा घेतला. दुपारी सहज शुक्रवारची यादी उघडली, तर पहिल्याच नंबरापुढे लिहिलेलं: आईच्या डोळ्यात फवारणीचं औषध उडालं. नोंद आदल्या संध्याकाळची.

बीटी कपाशी आली तेव्हा फवारणी संपली असंच सगळे म्हणत होते. आता बोंडअळीपायी घरोघरी पंप पाठीवर होते आणि औषध कालवायला बाया.

मी गुरुवार उघडून पाहिला. बंद. पुढचा बंद, त्याच्या पुढचाही बंद. औषध डोळ्यात गेलं की घड्याळाकडे बघायचं असतं, आणि ही बाई कालपासून शुक्रवारची वाट बघत बसली होती. नोंदीतला फोन लागेना. डॉक्टरांना लावला. ते एवढंच म्हणाले, "पाण्यानं डोळा धुवत राहा, मी निघालो."

नोंदीत गावाचं नाव होतं, रिक्षा करून ते गाठलं. ती ओट्यावर बसली होती, ओला पदर डोळ्यावर धरून, शेजारी तिची कॉलेजातली मुलगी. तिला दवाखान्यात आणलं, बाकावर आडवं केलं आणि सलाईनच्या बाटल्या डोळ्यात रिकाम्या करत बसले. पापणी सुजून बंद झालेली; मी ती बोटानं उघडायचे आणि ती माझं मनगट घट्ट धरायची. डॉक्टरांची गाडी काही येईना. मी देवाचं नाव घेत होते आणि मधूनच स्वतःला शिव्या देत होते.

डॉक्टर आले, त्यांनी तपासलं. डोळा राहील, म्हणाले, पण बुबुळावरचा डाग जाणार नाही. आज सकाळीच आली असती तर गोष्ट वेगळी होती.

ते हात धुवायला गेल्यावर मी तिच्याजवळ बसले. "चूक माही आहे. दवाखाना बंद नव्हता. मीच चुकीचं बटन दाबलं."

ती म्हणाली, "मले वाटलंच होतं बाई. बाजाराच्या दिवशी बंद कसा राहीन? पोरगी म्हणे, जाऊन तं पाहू. मीच नाही म्हटलं."

"काऊन?"

"मांगच्या बारीले नंबर न लावता आली होती, तं तुम्ही सगळ्यायसमोर लय बोलल्या होत्या मले."