पंचफुलाबाईंची उरलेली गोळी

वडनेरचे घनश्यामजी म्हणजे लग्नाच्या स्वयंपाकातले नावाजलेले आचारी. माणूस मात्र एका जागी ठरेल तर शपथ! आज तर वर्धेच्या दवाखान्यात, बाकावर बसल्या बसल्या, त्यांचा पाय नुसता हलत होता.

पोटातल्या जंतूनं नवरा-बायकोला एकदमच गाठलं होतं. जंतू मारायची औषधं दोघांना सारखीच, पण ॲसिड दाबायची गोळी वेगवेगळी. कुठली जास्त चांगली, हे डॉक्टर लोक ताडून बघत होते. घनश्यामजींना जुनी मिळाली, पंचफुलाबाईंना नवी. बाईंची जळजळ लगेच थांबली आणि घरात चेष्टा सुरू झाली. "माही गोळी पाहा कशी गुणाची! तुमची तुमच्यासारखीच, नुसती इकडून तिकडे फिरून राह्यली."

औषधं संपली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दोघांना बजावलं होतं, "आता तपासणीपर्यंत पंधरा दिवस ॲसिडची एकही गोळी घ्यायची नाही. घेतली तर जंतू दबून बसतो, असला तरी दिसत नाही."

घनश्यामजींचे वडील पोटाच्या कॅन्सरनं गेले होते, आणि हा जंतू पोटात राहिला तर तो रोग होऊ शकतो, तीच धास्ती मनात. पण परवा एका लग्नात रश्शाची चव घेतली आणि छातीत असा जाळ उठला की बस्स! घरी येऊन त्यांनी बायकोच्या पाकिटातल्या उरलेल्या गोळ्यांतली एक गपकन गिळली. अहो, काय गरज होती? पण चैन पडेल तर ना!

"दोघांच्याही तपासणीत जंतू नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पंचफुलाबाई खुदकन हसल्या. "चला, तुमची गोळीबी पास झाली! मामाजींसारखं, तुमच्या बाबांसारखं होते का काय म्हणून माहा जीव टांगणीले लागला होता, हो."

ते ऐकून घनश्यामजी उठले. दाराशी गेले, चप्पल घातली, काढली, पुन्हा आत आले. "बाई, म्या परवा गोळी खाल्ली. हिचीच. सहन नाई झालं."

डॉक्टरीणबाईंनी कागद परत ओढला. "मग तुमचा निकाल धरता येणार नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा या."

"काऊन खाल्ली?" पंचफुलाबाई कडाडल्या. "मले सांगाचं होतं ना!" आवाज चिरकला, डोळे भरून आले. मग त्यांनी थैलीतून उरलेलं पाकीट काढलं आणि टेबलावर आपटलं.

"हे तुमच्यापाशीच ठेवा, बाई. रश्शाची चव मी पाहीन. यांले जळू द्या पंधरा दिवस, पण जे आहे ते दिसू द्या."