वाटी वाजली की ऐकायचं

कुठलंही बिघडलेलं यंत्र समोर आलं की आयसी काका आधी आयसीची, म्हणजे आतल्या बारक्या चिपची, बाजू घेत. गिऱ्हाईक ऐकीव ज्ञानावर सांगे, "आयसी उडालाय बहुतेक." काका चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, "त्या बिचाऱ्याला कशाला बोल लावतोस? आधी सोल्डर बघू, वायर बघू. आयसी कुठं पळून चालला न्हाय." नागावात रस्त्याला लागून त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं आणि मागे घर. बहुतेक वेळा आयसी निर्दोष सुटे, म्हणून हे नाव त्यांना चिकटलं. खरं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते त्यांच्या लाइटबिलावर.

मी अलिबागला कचेरीत नोकरी करतो आणि मला हेडफोनवर गाणं ऐकायचं वेड आहे. वेड म्हणजे बायकोने हात टेकावेत इतपत. हेडफोनच्या अॅम्प्लिफायरमध्ये ऑप-अॅम्प नावाचा आठ पायांचा इवलासा आयसी असतो. तो सॉकेटमध्ये बसवलेला असला की उपटून दुसरा लावता येतो आणि तिथून माणूस बिघडतो. मी एकदा बाहेरून चांगला महागडा आयसी मागवला, जुना काढून तो लावला आणि हरखून गेलो. तंबोरा स्वच्छ, तबला समोर बसल्यासारखा. तसाच अॅम्प्लिफायरचा डबा घेऊन काकांकडे गेलो आणि अर्धा तास व्याख्यान दिलं.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "जुना काढून जुनाच परत लावून बघितलास?"

असलं खुळं काम कोण करतं? पण तिथेच मी फसलो होतो. आमच्या खाऱ्या हवेत आयसीच्या पायांवर आणि सॉकेटवर काळपट थर चढतो. आयसी उपटून पुन्हा दाबला की तो थर खरवडला जातो आणि आवाज मोकळा होतो. "पाय घासले गेले आणि शाबासकी नव्या आयसीला," काका म्हणाले. "समुद्राकाठचे सगळे इथंच चकतात. मीपण चकलोय."

मग त्यांनी मला परीक्षेला बसवलं. ही त्यांच्या घरची पद्धत होती. अॅम्प्लिफायर आतल्या खोलीत, हेडफोनची वायर पडद्याखालून बाहेर. आत काकू. त्या नाणं उडवून ठरवत, जुना लावायचा की नवा. तोच परत लावायचा असला तरी काढून लावायचा, म्हणजे वेळही सारखा आणि पायही घासलेले. काय लावलं ते कॅलेंडरच्या पानामागे लिहायचं आणि चमच्याने वाटी वाजवायची. वाटी वाजली की बाहेरच्याने ऐकायचं. उलटा बसला की आयसी जळतो, पण काकूंनी तो कधी उलटा बसवला नाही. दहा वेळा वाटी वाजली आणि माझी उत्तरं बरोबर आली चार. मला राग आला, खोटं कशाला सांगू.

"कान वाईट न्हाईत तुझे," काका म्हणाले. "तुझी हौस ऐकत होती."

काकांचा कान मात्र पंचक्रोशीत नावाजलेला. भजनी मंडळी नवा माइक घेतला की आधी त्यांना ऐकवायला आणत. आयसींतला खरा फरकही त्यांना कळे. त्यांच्याकडे एक जुना आयसी होता, तो सतत बारीक सरसर करी. दारातून ऐकून ते सांगत, "तो सरसऱ्या लागलाय."

म्हणूनच गेल्या वर्षी त्यांनी दुरुस्त करून दिलेला रेडिओ सरसर करतो म्हणून परत आला, तेव्हा मी चरकलो. काकांनी तो कानाला लावला आणि म्हणाले, "कुठं सरसर करतोय?" गिऱ्हाईक माझ्याकडे बघू लागलं. मला ती सरसर दुकानाबाहेर उभ्यानेही ऐकू येत होती. काकांनी रेडिओ बाजूला ठेवून आत हाक मारली, "अगो, वाटी घे. सरसऱ्या आणि याचा नवा, दोन्ही घे." आणि मला म्हणाले, "आज मी बसतो. तू लिही."

माझा अॅम्प्लिफायर दोन्ही आयसींसकट काकांकडेच होता; त्यावर गाणं न लावता, नुसती सरसर ओळखायची होती. दहा वेळा वाटी वाजली. दहाही वेळा त्यांनी ठाम आवाजात उत्तर दिलं. काकूंनी कागद माझ्या हातात दिला आणि पदराने चष्मा पुसत बसल्या. मी ताळा केला. पाच बरोबर. ज्या माणसाने मला ऐकायला शिकवलं, त्याला हे सांगायला माझी जीभ रेटेना.

"नऊ," मी म्हणालो.

काकांनी हात पुढे केला, दोन्ही कागद घेतले आणि बोट ठेवत एकेक ओळ तपासली. "पाच. म्हणजे नुसतं नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं." कागदांची घडी करून त्यांनी खिशात घातली. "माझे कान गेले त्याचं मला काय न्हाय रे, वय झालं. पण तू खोटं मोजलंस. तुझे चार होते तेव्हा मी चारच सांगितले होते."

इतकी शरम मला आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटलेली नाही.

दुसऱ्या दिवसापासून काका मीटर लावून, डोळ्याने बघून काम करू लागले आणि ऐकायचं काम आलं की बेधडक सांगत, "अलिबागच्या कचेरीत आमचा एक जण हाय, त्याच्याकडे जा." मी जीव ओतून ऐकत असे आणि ऐकू येई तेच सांगत असे.

काका पावसाळ्याआधी गेले. बाराव्यानंतर काकूंनी माझा अॅम्प्लिफायर परत दिला, तो त्यांच्याकडेच राहिला होता. झाकण स्क्रूने घट्ट बसवलेलं होतं. "यांनीच सांगितल्यापरमाणं मी नाणं उडवून एक आयसी लावलाय," त्या म्हणाल्या. "कंचा ते तुला सांगायचं न्हाय, असं बोलून गेलेत."

सरसर नाही, म्हणजे सरसऱ्या नाही एवढं मला कळतं. उरलेल्या दोघांतला कोणता, माझा जुना की नवा, ते कळत नाही, आणि कोणी विचारलं तर मी तसंच सांगतो. स्क्रूड्रायव्हर टेबलावरच असतो. झाकण मी अजून उघडलेलं नाही.